यशस्वी म्हणजे काय हो, डॉक्टर?

“ऑपरेशन यशस्वी झालं, पण पेशंट दगावला” हा विनोद आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलाय. हल्ली तो फारसा कोणी सांगत नाही. मला वाटतं, तो जुना झाला. आता ऑपरेशन यशस्वी होतं आणि पुष्कळदा पेशंट वाचतोही. विनोद तिथेच संपतो. पुढचं कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारलंच तर “ब्रेनचं काही सांगता येत नाही, बघू या” असं उत्तर मिळतं.

माझं भांडण या उत्तराशी आहे. कारण ब्रेनचं बरंच काही सांगता येतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेंदूच्या ऑपरेशनांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या मोठमोठ्या चाचण्या झाल्या आहेत. एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याचं नाही, आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन वर्षांनी एकेकाला शोधून काढून विचारलंय की बाबा रे, आता कसा आहेस, चालतोस का, एकटा राहू शकतोस का. ते सगळं छापलेलं आहे. आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यापर्यंत मात्र त्यातलं काही येत नाही. तिथे एकच शब्द येतो: सक्सेसफुल.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी ऑडिट करतो. दुसऱ्यांच्या वह्या तपासून तपासून एक खोड लागते. एकूण बेरजेकडे आधी बघायचं नाही, कुठली रक्कम कुठल्या सदराखाली टाकली आहे ते बघायचं. बेरीज बहुधा बरोबरच असते हो. लबाडी नसली तरी सोय असते, आणि ती सदराच्या नावात असते. हे शोधनिबंध मी त्याच नजरेने वाचले. (वाचायला वेळ का आणि कुठून मिळाला ते घरच्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी पुढे सांगतोच.)

तर विषय आहे कवटीचं हाड काढून ठेवण्याच्या ऑपरेशनचा. डॉक्टरी भाषेत डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी. कल्पना अगदी साधी आहे. कवटी हा बंद डबा. अपघातात डोक्याला जबर मार लागला, किंवा मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून अर्धा मेंदू मेला, की मेंदू सुजतो. हात सुजला तर बाहेरच्या बाजूला फुगतो. मेंदूला जागाच नसते, म्हणून आतला दाब चढतो. दाब चढला की रक्त पोचत नाही, रक्त पोचलं नाही की सूज आणखी वाढते. हे चक्र तोडायला औषधं आहेत, व्हेंटिलेटर आहे, आणि काहीच चाललं नाही तर डब्याचं झाकण काढायचं. तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा हाडाचा तुकडा काढून मेंदूला फुगायला वाट करून द्यायची. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते हाड पोटाच्या कातडीखाली सांभाळून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना, अंघोळ घालताना पोटावर हाताला लागणारी ती कडक कड विसरता येत नाही.

हे ऑपरेशन जीव वाचवतं का? हो. त्याबद्दल आता वाद उरलेला नाही. प्रश्न त्यापुढचा आहे.

२०११ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या डेक्रा नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. डोक्याला मार लागलेले १५५ पेशंट. कवटीतला दाब २० मिलिमीटरच्या वर गेला आणि तासाभरात पंधरा मिनिटं तसा राहिला की चिठ्ठी टाकायची. हाड काढलं त्यांचा दाब छान उतरला, आयसीयूतले दिवसही कमी झाले. यशस्वी! आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर हाड काढलेल्यांपैकी ७० टक्के लोकांची अवस्था ‘वाईट’ या सदरात होती, न काढलेल्यांपैकी ५१ टक्क्यांची. मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. पुढे लक्षात आलं की ऑपरेशनच्या गटात बाहुल्या न हलणारे, म्हणजे मुळातच जास्त गंभीर, पेशंट थोडे अधिक आले होते. तो हिशेब धरला तर फरक पक्का राहत नव्हता. पण एवढं नक्की दिसलं की मॉनिटरवरचा आकडा खाली आला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही.

मग २०१६ साली आली रेस्क्यू-आयसीपी. केंब्रिजच्या मंडळींनी दहा वर्षं चालवलेली, वीस देशांतली, ४०८ पेशंटची. इथे सगळे उपाय थकल्यावरच, दाब २५च्या वर तासभर तरी राहिला तरच, चिठ्ठी. म्हणजे आपल्याकडे नातेवाइकांना बाजूला घेऊन “आता हा शेवटचा पर्याय” म्हणतात ती वेळ. सहा महिन्यांनी नुसत्या औषधांच्या गटातले ४८.९ टक्के गेले होते, ऑपरेशनच्या गटातले २६.९ टक्के. शंभरामागे बावीस जीव जास्त वाचले. हा लहान आकडा नाही. (औषधांच्या गटातल्याही ३७ टक्के लोकांचं हाड पुढे काढावंच लागलं. तेव्हा खरा फरक याहून मोठाही असेल.)

आता ऑडिटरचं काम. हे बावीस जण कुठे गेले? शोधनिबंधातच त्याचा हिशेब आहे. सहा महिन्यांनी त्यांतले सहा ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्थेत होते. डोळे उघडे, श्वास चालू, झोप आणि जाग चालू, पण समोरच्याची जाण असल्याची काही खूण नाही. (केईएममध्ये अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्याबद्दल वाचलेल्यांना या शब्दामागे किती वर्षं आणि किती नर्सेसचे हात मावतात ते माहीत आहे.) आणखी आठ जण घरातसुद्धा दुसऱ्यावर अवलंबून. उरलेले आठ निदान घरापुरते स्वतंत्र, किंवा त्याहून बरे. पूर्ण बरे होणाऱ्यांचं प्रमाण? ऑपरेशनच्या गटात ४ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ६.९ टक्के.

वर्षाने हेच चित्र बदललं, आणि चांगल्या बाजूला बदललं. जास्तीच्या बावीसांपैकी पाच व्हेजिटेटिव्ह, चार परावलंबी, आणि तेरा जण घरापुरते स्वतंत्र किंवा त्याहून बरे. २०२२ मध्ये दोन वर्षांचे आकडे आले. वाचलेल्यांचा फरक टिकून होता, आणि ऑपरेशन झालेल्यांची अवस्था काळानुसार सुधारण्याची शक्यता अधिक दिसली. हे मी मुद्दाम लिहितोय. या आकड्यांवरून “कशाला ऑपरेशन करायचं” असा अर्थ कोणी काढू नये.

माझा आक्षेप सदराच्या नावाला आहे. या चाचणीत ‘अनुकूल परिणाम’ असं एक सदर होतं. त्यात कोण येतं? मेंदूच्या दुखापतीनंतरची स्थिती मोजायची ग्लासगोची पट्टी आहे, मूळची १९७५ सालची, पुढे वाढवून आठ पायऱ्यांची केलेली. पहिली पायरी मृत्यू, आठवी जवळपास पूर्ववत. तोपर्यंतच्या बहुतेक चाचण्या अनुकूल म्हणजे ‘मध्यम अपंगत्व किंवा त्याहून बरं’ असं धरत. स्वतःचं स्वतः करणारा, एकट्याने दुकानात जाणारा, बसमध्ये बसणारा माणूस. रेस्क्यू-आयसीपीने रेघ एक पायरी खाली आणली आणि ‘गंभीर अपंगत्व, वरची पायरी’ हेही अनुकूल धरलं. त्याचा अर्थ, दिवसा गरज पडली तर निदान आठ तास घरी एकटा राहू शकेल, पण बाहेर एकटा जाऊ शकणार नाही. रेघ नव्या जागी धरली तर वर्षाने ४५.४ विरुद्ध ३२.४ टक्के, ऑपरेशनची स्पष्ट सरशी. जुन्या जागी धरली तर ३२ विरुद्ध २८.५ टक्के, म्हणजे जेमतेम काही फरक.

त्यांनी हे लपवलं नाही. आठही पायऱ्यांचा तक्ता छापला, म्हणून तर माझ्यासारख्याला हिशेब मांडता आला. रेघ का हलवली त्याची कारणंही दिली, आणि इतक्या गंभीर पेशंटमध्ये ती मला पटतातसुद्धा. पण तक्ता राहतो निबंधात. बाहेर पडतं ते ‘अनुकूल’. त्याचं वॉर्डात होतं ‘चांगला रिझल्ट’, आणि बाकड्यावर पोचेपर्यंत ‘सक्सेसफुल’. मूळ वाक्य होतं: आठ तास घरी एकटा राहू शकेल.

याहून वाईट नमुना दाखवतो. २०१४ साली जर्मनीत झालेली डेस्टिनी-टू. एकसष्ट वर्षांच्या पुढचे ११२ पेशंट, मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीचा लकवा झालेले. निष्कर्षाचं मुख्य वाक्य असं की ‘गंभीर अपंगत्वाशिवाय’ जगलेले ऑपरेशनच्या गटात ३८ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. वाचलंत की काय वाटतं? आजोबा काठी टेकत देवळात जात असतील. इथे वापरलेली पट्टी वेगळी, रँकिनची, शून्य ते सहा. त्यांनी शून्य ते चार या सगळ्याला ‘गंभीर अपंगत्वाशिवाय’ म्हटलं. चार म्हणजे काय? आधाराशिवाय चालता येत नाही आणि अंघोळ, संडास मदतीशिवाय करता येत नाही. पट्टीत त्याचं नाव ‘मध्यम-गंभीर’ आहे, ‘गंभीर’ फक्त पाचला म्हणतात. म्हणून तांत्रिकदृष्ट्या वाक्य बरोबर. आता बोला! ऑपरेशन झालेल्यांत सगळी कामं स्वतःची स्वतः करणारे, म्हणजे दोन किंवा त्याहून बरे, किती होते? एकही नाही. तीनवाले ७ टक्के, चारवाले ३२, पाचवाले २८, आणि गेलेले ३३. दुसऱ्या गटात गेलेले ७०.

मी कुणाच्या घरचा निर्णय करायला बसलेलो नाही. सत्तर टक्के मृत्यूवरून तेहतीसवर येणं हे काही लोकांना कुठल्याही किमतीला हवं असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण किंमत सांगा ना! साठीच्या आतल्या लोकांचं चित्र कितीतरी बरं आहे, तेही सांगा. २००७ साली तीन युरोपीय चाचण्यांचे ९३ पेशंट एकत्र करून पाहिले तेव्हा वर्षाने जिवंत ७८ विरुद्ध २९ टक्के, आणि आधाराविना चालू शकणारे ४३ विरुद्ध २१ टक्के. पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या बायकोला आणि बहात्तर वर्षांच्या माणसाच्या मुलाला एकच ‘सक्सेसफुल’ ऐकवणं हे अज्ञान नसेल तर आळस आहे.

आता घरची गोष्ट. वहिनीला विचारूनच लिहितोय, आणि मावशी, तू वाचशील हे माहीत आहे, तेव्हा नाव घालत नाही.

माझ्या मावसभावाचा २०२१ साली टू-व्हीलरचा अपघात झाला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. (आमच्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, त्यावर वेगळं लिहीन. रक्तदाब बरा असेल तेव्हा.) रात्री अडीच वाजता हाड काढलं. पहाटे साडेपाचला सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, “एकदम सक्सेसफुल.” कोणीतरी लगेच देवापुढे नारळ फोडायला गेलं. चाळिसाव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कागदावर ‘कंडिशन ॲट डिस्चार्ज’ या रकान्यात एकच शब्द होता: स्टेबल. घरी आला तेव्हा घशाला भोक, नाकातून नळी, लघवीची पिशवी, आणि डोळे छताकडे. घशातला कफ मशीनने कसा ओढायचा हे वहिनीला एका रात्रपाळीच्या नर्सने आपणहून शिकवलं, नाहीतर तेही राहिलंच होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे तिला जखम झाल्यावर कळलं. इस्पितळाचं नाव घेत नाही. सर्जनचा हात चांगला होता यात मला शंका नाही, आणि त्याने रात्री झोप मोडून जीव वाचवला हेही खरं.

पहिलं वर्ष अंथरूण आणि व्हीलचेअर. दुसऱ्या वर्षी तो नावं घ्यायला लागला, आधी मुलीचं, मग कुत्र्याचं, मग बाकीच्यांची (मावशी, तुझा नंबर सातवा होता). तिसऱ्या वर्षी तो धरून धरून संडासापर्यंत जायला लागला. मग एक दिवस असा आला की ताट झाकून ठेवलं तर तो दुपारी स्वतः जेवू शकत होता, आणि वहिनी परत शाळेत शिकवायला जाऊ लागली. म्हणजे वर ज्या सदराबद्दल मी एवढी कुरकुर केली, ‘आठ तास घरी एकटा’, नेमक्या त्याच पायरीवर तो आज आहे. त्या आठ तासांवर त्या घराची चूल पेटते. तेव्हा त्या पायरीला कमी लेखायची माझी मुळीच इच्छा नाही. ती पायरी त्याच शब्दांत सांगावी एवढंच म्हणणं आहे. “वर्षा-दोन वर्षांनी कदाचित घरी एकटा राहू शकेल, कामावर जाणं कठीण” हे वाक्य त्या पहाटे कोणीतरी बोलायला हवं होतं.

वहिनी एकदा म्हणाली, “सही तर मी केलीच असती रे. पण मला कळून करायची होती.”

कळून केली असती तर काय वेगळं झालं असतं, असं आमच्यातल्याच एकाने विचारलं. सांगतो. पहिल्या चार महिन्यांत त्यांनी प्लॉट विकला आणि पैसे मोठ्या शहरातल्या दोन ‘मेंदू पुनरुज्जीवन’वाल्यांना वाहिले, कारण ऑपरेशन सक्सेसफुल होतं म्हणजे आता फक्त शेवटचा धक्का हवा अशी समजूत होती. हा प्रवास वर्षांचा आहे हे आधी कळलं असतं तर तोच पैसा तीन वर्षं फिजिओला आणि ब्यूरोच्या माणसाला पुरला असता. विमा घ्या की सरकारी योजना घ्या, सगळं मुख्यतः इस्पितळातल्या खाटेभोवती बेतलेलं. खाट सुटली की घरचे आणि त्यांचं नशीब.

कोणी म्हणेल, हे एकाच ऑपरेशनचं रडगाणं झालं. तसं नाही. मेंदूच्या ऑपरेशनांचा इतिहासच असा आहे की सर्जनच्या टेबलावरचं यश आणि माणसाच्या आयुष्यातलं यश या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि दुसरी वही उघडायला नेहमी कोणीतरी हट्ट धरावा लागला. पोर्तुगालच्या मोनिझने १९३६ मध्ये पहिल्या वीस मनोरुग्णांच्या मेंदूवरच्या ऑपरेशनांचे निकाल थोड्याशा काळानंतरच जाहीर केले आणि १९४९ मध्ये नोबेल घेतलं. शांत झालेला पेशंट म्हणजे बरा झालेला पेशंट, असा तो हिशेब.

त्याहून मला आवडतं ते बायपासचं प्रकरण, कारण त्यात कोणीच खलनायक नाही. टाळूच्या कातडीतली रक्तवाहिनी कवटीला भोक पाडून मेंदूतल्या वाहिनीला जोडायची, म्हणजे लकवा टळेल. १९६७ साली झुरिकमध्ये यासारगिलने ही करामत केली. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवण, अफाट कौशल्याचं काम. जगभर हजारोंनी झाली. १९८५ साली १३७७ पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. जोडलेल्या वाहिन्या ९६ टक्के लोकांत उघड्या होत्या, म्हणजे ऑपरेशनं जवळजवळ शंभर टक्के यशस्वी. आणि लकवे? कमी झाले नाहीत. सर्जन मंडळी खवळली, पेशंट नीट निवडले नव्हते म्हणाली. ठीक. मग महागडी तपासणी करून नेमके निवडलेले पेशंट घेऊन पुन्हा चाचणी, २०११. दोन वर्षांत लकवा २१ टक्के विरुद्ध २२.७ टक्के, आणि ऑपरेशनच्या पहिल्याच महिन्यात १४.४ टक्के विरुद्ध २. (मोयामोयासारख्या आजारात हे ऑपरेशन आजही करतात, ती गोष्ट वेगळी.) २०२३ मध्ये चीनमधून आणखी एक, तिथेही पक्का फायदा दिसला नाही.

आणि अगदी ताजं, तुमच्या-माझ्या आईवडलांच्या वयाचं. म्हातारपणी पडल्यावर काही आठवड्यांनी कवटीखाली रक्त साचतं, भोक पाडून काढतात. ते पुन्हा साचू नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देण्याची चाल होती. ब्रिटनमध्ये ७४८ पेशंटवर पाहिलं, २०२० साली निकाल. पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले स्टेरॉइडवाल्यांत १.७ टक्के, साध्या गोळीवाल्यांत ७.१. सर्जनच्या वहीत झकास! पण सहा महिन्यांनी बऱ्या अवस्थेत असलेले? स्टेरॉइडवाल्यांत ८३.९ टक्के, साध्या गोळीवाल्यांत ९०.३. फेरऑपरेशन टळलं आणि माणसं जास्त खालावली. दुसरी वही उघडली नसती तर ते औषध आजही आनंदाने चाललं असतं. याच आजारात दोन्ही वह्या जुळल्याचंही उदाहरण आहे. ऑपरेशननंतर दोन दिवस एक साधी नळी आत ठेवली तर पुन्हा रक्त साचणं २४ टक्क्यांवरून ९.३वर येतं आणि सहा महिन्यांतले मृत्यू १८.१वरून ८.६वर, हे २००९ सालच्या चाचणीने दाखवलं. एक नळी!

माझे दोन डॉक्टर मित्र आहेत, हे सगळं त्यांना ऐकवून झालंय. एक म्हणतो, रात्री अडीच वाजता घाबरलेल्या बाईला टक्केवारी सांगणार? मी म्हणतो, टक्केवारी नको सांगूस. “दहा जणांत साधारण तीन जण वर्षभरात जातात, दोघं-तिघं अंथरुणावर किंवा पूर्ण दुसऱ्याच्या भरवशावर असतात, बाकीच्यांत कोणी घरापुरता हिंडतो, कोणी कामावरही जातो” एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. फॉर्मवर तीन ठिकाणी सही घ्यायला याहून जास्त वेळ जातो. दुसरा म्हणतो, खरं सांगितलं तर लोक ऑपरेशनच नाकारतील. यात खोच अशी की वर्षाचे आकडे, निदान तरुण पेशंटमध्ये, ऑपरेशनच्या बाजूने बोलतात. ते न सांगता तू नुसतं धाडस विकतोयस. आणि समजा नाकारलं कोणी, तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार नाकारण्याचं आगाऊ इच्छापत्र मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. काय नाकारतोय ते न सांगता या हक्काचा उपयोग काय?

नातेवाइकांचा तिसरा पक्ष आहे: “पॉझिटिव्ह राहा, असलं वाचू नकोस.” या पक्षाशी मी वाद घालत नाही, ते जेवणाचे डबे आणतात.

चौथा पक्ष मात्र मला खरंच त्रास देतो. “असं जगण्यापेक्षा गेलेला बरा.” हे वाक्य धडधाकट माणसं खुर्चीत बसून बोलतात. १९९९ साली अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर या दोघांनी एक निबंध लिहिला, अपंगत्वातल्या विरोधाभासावर. बाहेरून पाहणाऱ्याला ज्यांचं जगणं असह्य वाटतं, अशा गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. माझा भाऊ क्रिकेटच्या मॅचला अजून शिव्या घालतो, आणि आता सगळ्या स्पष्ट. त्याच्या वतीने कोणी “गेलेला बरा” म्हणायचं काही कारण नाही. अर्थात ज्याला बोलता येत नाही त्याला कोणी विचारलेलं नाही, हेही त्या निबंधाइतकंच खरं. म्हणून पुन्हा तेच, पायऱ्या वेगवेगळ्या सांगा. सहा जणांचं ओझं आठ जणांच्या नावावर नको आणि आठ जणांचा आनंद सहा जणांच्या नावावर नको.

रेस्क्यू मंडळींनी २०२३ मध्ये आणखी एक निकाल दिला. ताजा रक्ताचा गोळा काढल्यावर हाड लगेच परत बसवावं की बाहेर ठेवावं, यावर ४५० पेशंट. वर्षाने दोन्ही गट जवळपास सारखे. हाड बसवलेल्यांना पंधरा दिवसांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जास्त, १४.६ विरुद्ध ६.९ टक्के. हाड बाहेर ठेवलेल्यांत जखमेचे त्रास जास्त, १२.२ विरुद्ध ३.९. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर मेंदू फुगलेला नसेल तर हाड बसवून टाकावं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ, आणि तसं झालं तर पोटातल्या हाडाचं आणि दुसऱ्या ऑपरेशनचं प्रकरणच टळतं. तुमच्या घरात कोणावर वेळ आली तर हे विचारायला हरकत नाही. सर्जन रागावले तर रागावले.

आणि इस्पितळांकडे माझी एक मागणी आहे, फार खर्चाची नाही. डिस्चार्जच्या कागदावर ‘स्टेबल’च्या जागी दोन रकाने करा: आज काय करू शकतो, आणि वर्षाने काय करू शकेल असा अंदाज आहे. मग ३६५व्या दिवशी रिसेप्शनवरच्या कोणालाही फोन करायला लावा. चालतो का, स्वतः जेवतो का, एकटा राहतो का. तीन प्रश्न, दोन मिनिटं. आमच्या घरी अपघातापासून आजपर्यंत त्या इस्पितळातून एकच फोन आला, मोफत मधुमेह तपासणी शिबिराचा. पेशंटलाच द्या म्हणाले. भावाने फोन घेतला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं.